सीमाभागातील राजकीय घराण्याची मालिका कशी लिहावी

राजकीय घराण्यावर दैनंदिन मालिका लिहू पाहणारे आपल्याकडचे नवे लेखक पहिला प्रसंग बहुधा प्रचारसभेत किंवा दिवाणखान्यातील सोफ्यावर घालतात आणि लवकरच अडखळतात, कारण सभा रोज उभी करता येत नाही आणि सोफ्यावर बसलेल्या माणसांना कट रचण्याखेरीज दुसरे काम उरत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील एखादे कल्पित घराणे विषय म्हणून घ्यायचे असेल, तर कथेची मांडणी स्वयंपाकघरापासून करावी. घरातील कोणती गोष्ट कोणत्या नोकराला ठाऊक आहे, हे ज्याने आधी पक्के केले, त्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

यामागे खर्चाचेही कारण आहे. अर्ध्या तासाच्या वेळेतून जाहिराती वजा जाता कथेसाठी २० ते २२ मिनिटे उरतात, मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालते आणि चित्रीकरण मुख्यतः एकाच घराच्या उभ्या सेटवर होते. त्यामुळे बाहेरचे राजकारण घरात ज्या खुणांनी पोहोचते, त्या खुणा लेखकाने टिपायच्या असतात. समजा, सकाळी सात वाजता स्वयंपाकीण ओट्यावर चहाची भांडी मांडते आहे. कपबशी कोणासाठी, स्टीलचा पेला कोणासाठी आणि मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला कप कोणाचा, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. काल कपबशीतून चहा घेतलेल्या कार्यकर्त्याकडे पाहून साहेब सहज म्हणतात, "ह्यास्नी पेल्यातच दे की," आणि उमेदवारी कोणाची गेली ते प्रेक्षकाला तिथेच कळते. त्यासाठी सभा लागत नाही, ढोल लागत नाहीत आणि निर्मात्याचा पैसाही जात नाही.

पात्रे ठरवताना एक साधी वही करावी. डाव्या बाजूला घरातील पाच-सहा गुपिते लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते कोणाला पूर्ण, कोणाला अर्धवट आणि कोणाला चुकीचे ठाऊक आहे, ते नोंदवावे. सर्वाधिक नाट्य चुकीच्या माहितीत असते. ड्रायव्हरला प्रवास आणि भेटी ठाऊक असतात, धुणेभांडी करणारीला कोणाची खोली कधीपासून वेगळी झाली ते ठाऊक असते, गोठ्यावरच्या गड्याला जमिनीचे जुने बांध ठाऊक असतात. पीए हा नोकर आणि नातलग यांच्या मधल्या पायरीवर उभा असतो, म्हणून त्याला दोन्हीकडे मान कमी मिळतो, आणि तोच पुढे घात करण्याच्या जागी असतो. गनमॅनला मात्र या यादीत वेगळे ठेवावे. त्याचा पगार सरकार देते, त्याची बदली होते, आणि घरातल्या भाकरीला तो बांधलेला नसतो. इतर सगळे कशाने बांधलेले आहेत, हेही लिहून ठेवावे लागते. कर्नाटकात २००४ पासून घरकामगारांना किमान वेतन लागू आहे, पण जुन्या वाड्यांत अजूनही पोतेभर जोंधळा, सणाला लुगडे आणि मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल यांवर माणूस राहतो. ती उचल फिटू न देणे हे मालकाचे शस्त्र असते, तेव्हा तिची रक्कम लेखकाने पहिल्या भागापासून मनाशी पक्की ठेवावी आणि मध्येच बदलू नये.

कुटुंबातील मुख्य भांडण शोधायला या भागात लांब जावे लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, महाराष्ट्राचा ८६५ गावांवर दावा आहे, आणि त्यासंबंधीचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एके काळी येथून, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून जात. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. या दोन वाक्यांच्या मधोमध एक अख्खे घर बसते : सत्याग्रहात तुरुंगात गेलेले आबा, राष्ट्रीय पक्षात जाऊन आमदार झालेला मुलगा, आणि दोघांचेही कपडे इस्त्री करणारी एकच बाई. १ नोव्हेंबरला सरकारी राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, असतो आणि मराठी माणूस त्याच दिवशी काळा दिन पाळतो. त्या सकाळी एका हँगरवर कन्नड झेंड्याच्या रंगांची लाल-पिवळी शाल आणि दुसऱ्यावर आबांचा सदरा, त्याच्या खिशात काळी फीत, असे तिच्या हातून नीट लावले जाते आणि दोघांनाही ती निमूटपणे देते. हा प्रसंग भाषणाशिवाय लिहावा. आबांना हुतात्म्याच्या आवाजात बोलायला लावण्याचा मोह लेखकाला होतोच, पण म्हाताऱ्याने मुलाच्या सरकारी गाडीत बसायला नकार देऊन बसथांब्यावर जाणे पुरेसे असते, विशेषतः ड्रायव्हरने गाडी हळूहळू त्याच्या मागून चालवत नेली तर.

भाषेविषयी येथे जरा थांबणे आवश्यक आहे, कारण सीमाभाग म्हटला की कोल्हापुरी रांगडेपणा चिकटवून मोकळे होण्याची सवय संवादलेखकांना लागली आहे. बेळगावच्या बोलीला कानडी हेल आहे, "की ओ" हा तिचा ठेका आहे, आणि तिच्यातील आर्जव कोल्हापूरच्या ठसक्याहून निराळे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकच माणूस दिवसभरात भाषा बदलतो. आमदार बंगळूरला फोनवर कानडीत बोलतो, आबांशी मराठीत, मुलांशी अर्धे इंग्रजीत आणि गनमॅनला "बर्री" (या) म्हणून बोलावतो. मराठी वाहिनीवर कानडी संवाद फार चालणार नाहीत, म्हणून ते थोडे ठेवावेत आणि कृतीवरून अर्थ कळेल अशा जागीच ठेवावेत. हाक मारण्याचे शब्द मात्र काटेकोर हवेत. मालकिणीला "वैनी" म्हणणारी स्वयंपाकीण रागाच्या भरातही "मॅडम" म्हणणार नाही, आणि ती ज्या दिवशी "मॅडम" म्हणेल, त्या दिवशी काहीतरी तुटले आहे असे प्रेक्षकाने समजावे. कचेरीचे शब्दही कर्नाटकाचेच घ्यावेत. येथे ग्रामपंचायतीला सरपंच नसतो, अध्यक्ष असतो; ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतो; आणि लोक जिल्हाधिकाऱ्यांना डीसीच (डेप्युटी कमिशनर) म्हणतात. पुण्या-मुंबईत लिहिलेल्या संहिता येथेच उघड्या पडतात.

आता कथानकांकडे येऊ. राजकीय घर आणि नोकर यांना एका दोरीत बांधणारी साधने खऱ्या व्यवहारातच तयार मिळतात. पहिले साधन बी फॉर्मचे आहे. पक्षाचे हे अधिकृत पत्र अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजण्यापूर्वी निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागते. ते बंगळूरहून सुमारे ५०० किलोमीटर आणायचे आहे, रात्रभर गाडी चालवणारा ड्रायव्हर एकटा आहे, आणि हुबळीच्या पुढे त्याला साहेबांच्या धाकट्या भावाचा फोन येतो. ड्रायव्हरच्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र नाकारणारा हाच साहेब होता, हे प्रेक्षकाला एक महिना आधी सांगून ठेवलेले असले पाहिजे. एवढी तयारी असेल, तर तीन भाग सहज ताणता येतात आणि ताणल्यासारखे वाटत नाहीत.

दुसरे साधन उताऱ्याचे आहे, आणि माझ्या मते ते अधिक खोल जाते. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता जाहीर करावी लागते, म्हणून काही एकर जमीन स्वयंपाकिणीच्या नावावर ठेवलेली आहे. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि उतारा कानडीत आहे. स्वतःच्या नावाचा कागद तिला वाचता येत नाही. ती तो पिठाच्या डब्याखाली जपून ठेवते, कारण साहेबांनी "जपून ठेव" म्हटले आहे. कानडी शाळेत जाणारी तिची नात एके दिवशी तो डबा हलवते आणि मोठ्याने वाचू लागते. येथून स्वयंपाकिणीला श्रीमंतीचे स्वप्न पडू लागते आणि पाठोपाठ भीती येते, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी व्यवहारात ज्याच्या नावावर मालमत्ता आहे, त्यालाही एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. मालकाशी इमान राखणे हाच तिचा गुन्हा ठरतो. या कथानकाला किमान दोन महिने द्यावेत आणि वकिलाला शक्य तितक्या उशिरा आणावे.

तिसरे साधन राखीव जागेचे. कर्नाटकात पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, आणि घरच्या कामवालीला उभी करून कारभार आपण पाहण्याची रीत जुनी आहे. ती अध्यक्ष होऊनही सकाळी भाकऱ्या थापायला येते, एवढ्यावरच काही भाग निभावतात.

कथानकांची आखणी करताना येथील वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवावे : ऊसगाळपाचा हंगाम, १ नोव्हेंबर, बेळगावच्या सुवर्णसौधातील (कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीतील) बहुधा डिसेंबरात भरणारे अधिवेशन, सीमालढ्यातील हुतात्म्यांचा १७ जानेवारीचा हुतात्मा दिन. अधिवेशनाच्या दिवसांत बंगळूरचे पाहुणे घरी उतरतात, कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचे, डबे भरले जातात, नोकरांना सुट्टी मिळत नाही आणि बंद दाराबाहेर ताटे घेऊन उभे राहण्याचे प्रसंग आपोआप वाढतात.

संहिता वाहिनीकडे किंवा निर्मितीसंस्थेकडे पाठवताना कथाविस्तार, पात्रांच्या नोंदी, पहिल्या वीस-पंचवीस भागांचे एकेका परिच्छेदात सार आणि संवादांसह लिहिलेला एक पूर्ण भाग असा संच करावा. घराणे ओळखू येईल असे कारखान्याचे नाव, मतदारसंघ, आजार किंवा भावकीतील दावा खऱ्या कुटुंबाकडून उचलू नये, कारण "सर्व पात्रे काल्पनिक आहेत" ही पाटी बदनामीच्या दाव्यात फारशी कामाला येत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासदांना संहितेची नोंदणी करता येते. ती पाठवण्याच्या आधी करावी, आणि नोंदणीत नोकरांच्या गुपितांची ती वहीही जोडावी.