ओडीसी माल (नेहमीच्या मापांत न बसणारा मोठा माल) हलवताना या चुका टाळा

महाराष्ट्रातून जुलै २०१९ मध्ये निघालेलं एक ऑटोक्लेव्ह (उष्णता आणि दाब देणारं मोठं बंद पात्र) तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात पोचलं जुलै २०२० मध्ये. वजन सुमारे ७० टन, म्हणजे या धंद्यात फार नाही. पण उंची साडेसात मीटर आणि रुंदी साडेसहा मीटरच्या वर. वाटेत लॉकडाऊन आडवा आला हे खरं. तरी चाल मंदावली होती ती मुख्यतः या मापांनी. कारखानदार मात्र अजूनही ट्रान्सपोर्टरला पहिला प्रश्न टनांचाच विचारतात.

उंची ड्रॉइंगवरून धरणं

समजा, ३.९ मीटर व्यासाचं व्हेसल, म्हणजे कारखान्यातली मोठी बंद टाकी. त्याखाली सॅडल (आधाराची बैठक) ३० सेंटीमीटर, ट्रेलरचा डेक जमिनीपासून १.१ मीटर. झाली ५.३ मीटर. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावरचं हाइट गेज (उंच गाड्या अडवणारी आडवी चौकट) असतं ४.६७ मीटरवर आणि वरची तार साधारण साडेपाच मीटरवर. त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. माल तिला टेकावाच लागत नाही, जवळ गेला तरी ठिणगी उडी मारते. म्हणून अशा फाटकातून जायचं तर रेल्वेची परवानगी आणि पॉवर ब्लॉक (ठरलेल्या वेळेपुरती तारेतली वीज बंद) आधी घ्यावा लागतो. ऐन वेळी गेटमनला विनंती करून हे काम होत नाही.

गावातल्या तारांचं तर याहून वाईट. मालावर एक पोरगा बसवायचा, हातात बांबू द्यायचा आणि तार उचलत गाडी पुढे काढायची, ही पद्धत सर्रास चालते. बांबू ओला असला, तार जुनी असली, की तो पोरगा गेला. महावितरणकडून लेखी शटडाउन घ्या, लाइनमन जागेवर येऊ द्या, लाइन बंद करून अर्थ केल्याचं, म्हणजे तार जमिनीला जोडल्याचं, डोळ्यांनी पाहा, मगच गाडी हलवा. उशिराचं भाडं भरून निघतं.

ट्रेलरचं वजन विसरणं

मॉड्युलर हायड्रॉलिक ट्रेलरच्या (हवे तितके भाग जोडून लांबवता येणाऱ्या ट्रेलरच्या) एका अ‍ॅक्सल रांगेला १८ टनांची मर्यादा आहे. १८० टनांचा ट्रान्सफॉर्मर, मग दहा रांगा पुरे, असा हिशेब कागदावर सुटतो. पण प्रत्येक रांगेचं स्वतःचं वजन चार टनांच्या आसपास असतं. म्हणजे रांगेवर २२ टन आले. चौदा रांगा लावल्या तर १७ च्या आत बसतं.

पुलांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. आयआरसी-६ मध्ये, म्हणजे पुलांवरच्या भारांच्या भारतीय मानकात, विशेष वाहनाचा जो भार धरला आहे, तो एकूण ३८५ टनांचा. पण त्यामागे अटी आहेत. पुलावर दुसरं वाहन नको, वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, गाडी रस्त्याच्या मधोमध, ब्रेक मारायचा नाही. मागची वाहतूक थांबवायला माणूस ठेवला नाही, तर यातली पहिली अट तिथेच मोडते.

जुन्या सर्व्हेवर निघणं

डांबराचा नवा थर पडला की पुलाखालची उंची तेवढी कमी होते. नवी कमान, नवा स्पीडब्रेकर, गणपतीचा मांडव, गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला रस्ता, यातलं काहीही दोन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हेत नसतं. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा जाऊन मोजा. शेवटचा टप्पा पायी चाला. राष्ट्रीय महामार्गाची परवानगी हातात असली तरी साइटपर्यंतचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असतो, आणि गाड्या तिथेच अडकतात.

साइडपट्टीत चाक रुतलं तर पुलरचा (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा) जोर लावू नका, माल कलतो. आधी रुतलेल्या बाजूचं सस्पेन्शन उचलून डेक समपातळीत आणा, चाकांखाली लोखंडी प्लेटा सरकवा, मग हळू ओढा. होज (हायड्रॉलिक तेलाची नळी) फुटला तर त्या अ‍ॅक्सलचा व्हॉल्व्ह बंद करून तो वेगळा काढता येतो. मात्र त्याचा भार शेजारच्यांवर जातो, तो आधी मोजा.

रेल्वेला उशिरा विचारणं

माल तयार झाल्यावर रेल्वेकडे जाणारे बरेच. वॅगन सरळ रुळावर उभी असताना माल बसतो, पण वळणावर लांब मालाचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर सरकतात. प्लॅटफॉर्म, सिग्नलचे खांब, बोगदे यांच्यापासून किती अंतर उरतं, त्यावर ए, बी की सी वर्ग ठरतो. अंतर जितकं कमी, तितके वेगाचे आणि प्रवासाचे निर्बंध कडक. वेल वॅगनमध्ये (मधला भाग खाली असलेल्या वॅगनमध्ये) उंची वाचते, रुंदी नाही. त्यामुळे टाकीचा व्यास ठरवतानाच रेल्वेशी बोला; तेव्हा नोझल (टाकीबाहेर येणारं पाइपचं तोंड) नंतर जोडायचं ठरवता येतं.

बांधून विसरणं

लोखंडावर लोखंड घसरतं. मध्ये लाकूड किंवा रबरी मॅट हवीच. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून सगळे टर्नबकल (बांधणी ताणायचे स्क्रू) पुन्हा आवळा, कारण माल तोवर बसलेला असतो.

ट्रान्सफॉर्मर तेल काढून, कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून नेतात. तो दाब रोज नोंदवा. इम्पॅक्ट रेकॉर्डर (धक्के नोंदवणारं यंत्र) निघताना चालू आहे का ते बघा आणि पोचल्यावर माल उतरवण्याआधी, दोन्ही पक्षांच्या सह्यांनी त्याची नोंद काढून घ्या. उतरवताना बसलेला धक्का वाटेतल्या धक्क्यांत मिसळला, तर विमा कंपनीपुढे काहीच सिद्ध करता येत नाही.