रोमन सत्ताकारणावर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

रोमवर मराठीत लिहायला घेतलं की लेखणी हमखास दरबारात शिरते. सिंहासन, भालदार-चोपदार, कान फुंकणारा प्रधान! ही सवय आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी लावलेली. सेनापती सीझर आणि वक्ता-राजकारणी सिसेरो यांच्या रोममध्ये (इ.स.पू. पहिलं शतक) सिंहासनच नव्हतं, आणि ते परत येईल ही भीती राजकारणात हुकमी पत्त्यासारखी वापरली जायची.

म्हणून सीझरला ‘सम्राट’ करू नका. तो हुकूमशहा होता, शेवटी तर तहहयात. पण राजा म्हणवून घेणं त्यालाही परवडणारं नव्हतं. इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीत भर उत्सवात त्याचा साथीदार अँटनीने त्याच्यापुढे राजचिन्हाची फीत धरली. लोक गप्प. सीझरने ती नाकारली, तेव्हा जल्लोष झाला. असा तयार प्रसंग हाताशी असताना काल्पनिक राज्याभिषेक कशाला लिहायचा?

सिनेट म्हणजे संसद, हा समजही सोडा. सिनेट सल्ला द्यायची (फार वजनदार सल्ला), कायदे मात्र नागरिकांच्या सभा करायच्या. कॉन्सल (सर्वोच्च निवडून आलेले अधिकारी) दोन, मुदत एक वर्ष, आणि एकाने दुसऱ्याला अडवायची पूर्ण सोय. त्यामुळे इथलं खरं नाट्य हुकूम सोडण्यात कमी, अडवाअडवीत जास्त आहे. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला त्याचाच सहकारी कॉन्सल बिब्युलस आडवा गेला. जमावाने त्याच्या डोक्यावर शेण ओतलं. मग हा गृहस्थ घरात बसला आणि उरलेलं वर्ष ‘आकाशात अपशकुन दिसतोय, आज सभा नको’ असे निरोप धाडत राहिला. सीझरने ते धुडकावले; पण त्या वर्षीचे कायदे वैध की अवैध, हा वाद पुढे त्याच्या मागे लागलाच.

कट आणि खंजीर यांवरच कथानक उभं करणं ही आणखी एक चूक. राजकारणी क्लोडिअसकडे पाहा. ट्रिब्यून (सामान्यांचा प्रतिनिधी, कोणताही निर्णय अडवू शकणारा) व्हायला प्लेबियन, म्हणजे सामान्य घराण्यातलं, असावं लागे आणि हा तर जन्माने पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या उमराव घराण्यातला. मग तो स्वतःपेक्षा वयाने लहान असलेल्या एका प्लेबियनला दत्तक गेला! पुढे ट्रिब्यून होऊन त्याने धान्य फुकट केलं आणि सिसेरोला देशोधडीला लावलं. इ.स.पू. ५२ मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा समर्थकांनी सिनेटच्या इमारतीतच चिता रचली आणि इमारतही जळाली. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सीझरचा खून झाला तो सेनापती पाँपेने बांधलेल्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात. फोरममधलं (रोमच्या मुख्य चौकातलं) नवं सिनेटगृह तेव्हा बांधून व्हायचं होतं. अनेकजण हा प्रसंग फोरममध्ये घडवतात, तिथे सांभाळा.

किरकोळ चुकाही जाणकार वाचकाला लगेच खटकतात: ताटात टोमॅटो, घोडेस्वाराच्या पायाखाली रिकीब, सीझरच्या तरुणपणी ‘जुलै’ महिना (तेव्हा क्विंटिलिस).

आणि माहिती संवादांत कोंबू नका. दोन सिनेटर एकमेकांना ट्रिब्यूनचे अधिकार समजावत बसणार नाहीत. सभा भरली आहे, मतदान सुरू होणार, तेवढ्यात एक माणूस उठून ‘मनाई’ म्हणतो आणि सगळं थांबतं, एवढं लिहा. तरीही समजावून सांगायची गरज वाटलीच, तर प्रश्न विचारायला घरात नुकताच आणलेला एखादा गॉल (आजच्या फ्रान्सकडचा) गुलाम ठेवा.