पॅटरसनच्या साच्यांपासून पंधराव्या रस्त्यापर्यंत : एका शनिवारची पायपीट

माझे वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. ते जर्सी सिटीला माझ्याकडे आले तेव्हा त्यांना मी न्यू जर्सीतल्याच पॅटरसनला नेलं. तिथल्या रेशीम गिरण्यांच्या 1913 च्या संपाबद्दल सांगायला लागले, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माणशी किती साचे?" तेव्हापासून पाहुण्यांना मी इथल्या इटालियन कामगारांचा इतिहास याच प्रश्नापासून दाखवते. तुम्हीही तसंच करा. बरेच जण या कामगारांचा पुढारी कार्लो त्रेस्का याच्या खुनापासून सुरुवात करतात. मग ऐकणाऱ्याला फक्त खून लक्षात राहतो.

सकाळी सिकॉकसहून पॅटरसनची गाडी पकडा. आधी धबधब्यावर जा. पसेइक नदी इथे 77 फूट खाली कोसळते आणि तिच्याच जोरावर गिरण्या उभ्या राहिल्या. रेशीम विणणाऱ्यांत उत्तर इटलीतून आलेले पुष्कळ होते. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराला मालकांनी चार सांभाळायला लावलं, त्यातून फेब्रुवारीत संप पेटला. जवळजवळ 300 गिरण्या, सुमारे 24 हजार कामगार. मागणी होती आठ तासांच्या दिवसाचीही. मुंबईत 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातही दोनाचे तीन साचे करण्याला विरोध होता. घरात गिरणगावचं कुणी असेल तर हे इथेच, पाण्याच्या आवाजात सांगा. पुढचं त्यांना समजावावं लागत नाही.

तिथून हेलडन, गाडीने दहा मिनिटं. नॉरवूड स्ट्रीटवरचं पिएत्रो आणि मारिया बोत्तो यांचं घर आता कामगार संग्रहालय आहे. रोज उघडं नसतं, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा. इथे घाई करू नका, दिवसातला निम्मा वेळ या घराला द्या.

पॅटरसनमध्ये सभांवर बंदी आली होती. हेलडनचा महापौर विल्यम ब्रुकमन समाजवादी होता, त्याने अडवलं नाही. बोत्तोंनी आपली माडी दिली. दर रविवारी त्या सज्जातून बिल हेवूड, एलिझाबेथ गर्ली फ्लिन, त्रेस्का हे संपाचे पुढारी बोलायचे आणि समोरच्या मोकळ्या जागेत कधीकधी 20 हजार माणसं जमायची. कर्णा नाही, मायक्रोफोन नाही. मी पाहुण्यांपैकी एकाला पन्नास पावलं लांब उभं करते आणि दुसऱ्याला हाक मारून एक वाक्य पोचवायला सांगते. सुशिक्षित घरातल्या माणसांना आधी संकोच वाटतो. पण आवाज पोचला की त्रेस्का इटालियनमध्ये का बोलायचा, हे त्यांना आपोआप कळतं : इतक्या लांबून परकी भाषा कळत नाही, आपली कळते.

मग मागच्या बाजूला जा. द्राक्षांचा मांडव आणि बोची हा चेंडूंचा इटालियन खेळ खेळायची पट्टी बघा. स्वयंपाकघरात थोडं थांबा. सभेच्या दिवशी येणाऱ्यांना मारिया रांधून वाढायची. संपाच्या इतिहासात ही बाई शेवटी येते. तुम्ही तिला आधी आणा.

संप हरला, हे लपवू नका. जुलै संपता संपता एकेका गिरणीचे कामगार वेगवेगळे परतले. पण त्याआधी, 7 जून 1913 ला, हजारावर संपकऱ्यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या रंगमंचावर स्वतःचाच संप करून दाखवला होता.

दुपारी मॅनहॅटनला या. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या शेजारी, ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ट्रँगल या कपडे शिवायच्या कारखान्याच्या आगीचं स्मारक आहे. 25 मार्च 1911, 146 जीव. सगळी नावं वाचणं जमणार नाही, मालतेझे आडनाव शोधा : आई कातेरिना आणि तिच्या मुली लुचिया, रोझारिया. रोझारिया 14 वर्षांची होती.

मग चौकातल्या गॅरिबाल्डीच्या पुतळ्यापाशी बसा, चहा-कॉफी घ्या आणि फॅसिझमचा विषय इथे काढा. 1922 मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. अमेरिकेत ज्यांना हिणवलं जायचं अशा कित्येक इटालियन माणसांना त्याच्यामुळे मान ताठ झाल्यासारखं वाटलं. हे मुलांना नक्की सांगा, नाहीतर त्यांना वाटतं की वाईट माणसंच फॅसिस्ट झाली. जेनेरोसो पोपचं 'इल प्रोग्रेसो' हे मोठं दैनिक त्याचे गोडवे गात होतं. विरोधात उभे राहिले ते बहुतेक संपात तयार झालेले लोक. 1923 मध्ये त्यांनी फॅसिस्टविरोधी आघाडी उभारली, शिवणकामगार संघटनांच्या इटालियन शाखा तिच्यात होत्या. त्रेस्का 'इल मार्तेल्लो', म्हणजे 'हातोडा', हे पत्र चालवायचा. इटलीच्या राजदूताने तक्रार केली आणि संततिनियमनाच्या पुस्तकाची एक छोटी जाहिरात छापल्याचं निमित्त करून त्याला अटलांटाच्या तुरुंगात धाडलं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी शिक्षा कमी केली. 1927 मध्ये ब्रॉन्क्समध्ये दोन फॅसिस्ट मारले गेले. त्या खटल्यात ग्रेको आणि कारिल्लो या दोन आरोपींच्या बाजूने नामवंत वकील क्लॅरन्स डॅरो उभा राहिला आणि ते निर्दोष सुटले.

अंधार पडल्यावरच फिफ्थ अव्हेन्यू आणि पंधराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जा. 11 जानेवारी 1943 ला रात्री साडेनऊच्या सुमारास, युद्धामुळे दिवे मंद केलेल्या याच कोपऱ्यावर त्रेस्काला गोळ्या घातल्या. तो 63 वर्षांचा होता. संशय कार्माइन गलांते या गुंडावर होता, पण खटला कुणावरच चालला नाही. बोलून झालं की दोन मिनिटं गप्प उभे राहा आणि हेलडनच्या सज्जातला तो आवाज आठवा. मग सहाव्या अव्हेन्यूवर, चौदाव्या रस्त्याला पाथ या लोकल गाडीचं स्टेशन आहे; जर्सी सिटीची गाडी तिथूनच मिळते.