झेब्रा लोच पाळताय? या चुका टाळा

बेळगावात थंडी पडली की झेब्रा लोच या टाकीत पाळायच्या माशाबद्दल एक तक्रार हमखास येते: "झेब्रा लोच आणला, आठवड्यात अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठले आणि गेला." हा व्हाईट स्पॉट, परजीवीमुळे होणारा रोग. या माशाला २४ ते २६ अंशांचं पाणी लागतं. इथल्या रात्री टाकी गार पडते, म्हणून हीटर हवाच. शिवाय थर्मामीटर वेगळा लावा, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका.

पण बहुतेक मासे पुढच्या घाईत मरतात. ठिपके दिसले की बाटलीवरचा पूर्ण डोस ओतला जातो. बोटिया कुळातल्या माशांचे खवले अगदी बारीक, त्यामुळे औषध थेट कातडीला भिडतं. आधी तापमान रोज एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत न्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप जोरात चालू राहू द्या. औषध द्यायचंच तर अर्ध्या डोसने सुरुवात करा, तांबं असलेलं नकोच. ठिपके गेले तरी उपचार आठवडाभर चालू ठेवा: परजीवी कातडीत असेपर्यंत त्याच्यावर औषध चालत नाही, पाण्यात सुटला की मगच चालतं.

एकटा मासा आणू नका. निदान पाच-सहा हवेत, नाहीतर तो दगडाआड बसून खंगतो. टाकी तीन फुटी, तळाला बारीक वाळू. टोकदार खडीने मिशा झिजतात. खाणं बुडणारं द्या. कुशीवर पडलेला दिसला तर लगेच मेला समजू नका, याची विश्रांती घ्यायची तऱ्हाच तशी आहे.

पकडताना जाळी टाळा. डोळ्याखाली दुमडलेला काटा असतो, घाबरला की तो उघडतो आणि जाळीत अडकतो. ओढून सोडवलं तर जखम होते. प्लास्टिकच्या डब्यात हळूच हाकलून घ्यावं.

आणि हा परदेशी पाहुणा नव्हे, आपल्याच सह्याद्रीतला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आज तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारा, मासा फार्मवरचा की नदीतून धरलेला? नदीतला असेल तर घेऊ नका. पाळलेला नकोसा झाला तरी मार्कंडेय नदीत सोडू नका, टाकीतले रोग नदीत जातात. पाळणारं दुसरं घर शोधा.