डिस्पॅचच्या टेबलावरचे पहिले वर्ष

गणपतीचे विसर्जन झाले की पुण्यातील लहान उद्योगांत डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करण्याच्या, टेबलावर नवी मुले-मुली बसवली जातात, कारण तिथून दिवाळीपर्यंतचे सहा-सात आठवडे पार्सलांचे असतात. सात वर्षांपूर्वी मीही बी.कॉम. संपवून नऱ्हे येथील एका शेडमध्ये, कागदी आकाशकंदील आणि घरसजावटीच्या वस्तू तयार करणाऱ्या उद्योगात, महिना १४,००० रुपये पगारावर अशीच कामाला लागले. या क्षेत्रात येणाऱ्यांना पिनकोड, ट्रॅकिंग आणि सीओडी (माल हाती आल्यावर पैसे देणे) यांचा अर्थ सांगण्याची गरज नाही. मात्र पार्सलाचा दर ठरतो कशावर आणि ते भलत्याच गावाला जाऊन का येते, या दोन प्रश्नांची उत्तरे मला कोणी वेळेवर दिली नाहीत आणि त्यापायी पहिल्याच दिवाळीत माझ्या हातून उद्योगाचे मोठे नुकसान झाले. ते अजून मनातून गेलेले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या करारातील दर अर्ध्या किलोला ४० रुपये होता. तयार कंदील पेटीसह काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम भरत असे, म्हणजे आकारणी दीड किलोची. मी ग्राहकांकडून वाहतुकीचे १२० रुपये घेतले आणि पंधरा दिवसांत ४६ कंदील रवाना केले. पिकअपला येणारा टेम्पोचालक रोज कुरकुर करत असे. "ताई, तुमच्या पेट्या चढवल्या की माझी गाडी भरते, मग पुढच्या तीन दुकानांचा माल मी कुठे ठेवू?" असे त्याने एकदा स्पष्ट विचारले होते. मी ती तक्रार समजून सोडून दिली. मला जे शिकायला हवे होते ते तो माणूस फुकट सांगत होता, हे महिन्याचे बिल आल्यावर कळले. बिलात प्रत्येक कंदिलाचे वजन १३ किलो लावले होते आणि १२० रुपयांच्या जागी १,०४० रुपये आकारले होते. ४६ पार्सलांवरचा फरक ४२,३२० रुपयांचा, म्हणजे माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त. इंधन अधिभार आणि १८ टक्के जीएसटी त्यावर वेगळा.

मी हिशेब चुकला असे समजून फोनवर भांडले, आणि ते भांडण चुकीचे होते. कुरिअरमध्ये दोन वजने काढली जातात. एक काट्यावरचे आणि दुसरे आकारमानाचे, ज्याला सगळे व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोन्हींपैकी जे जास्त असेल त्यावर दर लागतो. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला बहुतेक कुरिअर करारांत ५००० ने भागायचे. आमची पेटी ४० × ४० × ४० ची होती. गुणाकार ६४,०००, भागाकार १२.८, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर नेला की १३ किलो. ५००० ने भागणे म्हणजे एक घनमीटर जागेचे किमान २०० किलोचे भाडे घेणे होय. विमानाच्या मालवाहतुकीत हाच भाजक ६००० धरण्याची पद्धत आहे, तर रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी अनेक करारांत तो ५००० पेक्षाही लहान असतो. भाजक जितका लहान, तितके तुमचे पार्सल जड. करार हातात आला की दराच्या आधी हा आकडा शोधावा. तो सहसा मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो, आणि तो वाचल्याशिवाय सही करू देऊ नये.

ट्रान्सपोर्टवाल्यांकडे हीच गोष्ट वेगळ्या वेशात भेटते, आणि किलोला आठ-दहा रुपये ऐकून नवी माणसे तिथे हमखास फसतात. ते घनफुटावर चालतात. गुणाकाराला २७,००० ने भागून घनफूट काढायचे आणि एका घनफुटाला सहा, आठ किंवा दहा किलो धरायचे, असा त्यांचा रिवाज आहे. खरे तर एका घनफुटात सुमारे २८,३१७ घनसेंटिमीटर असतात, त्यामुळे २७,००० ने भागताना थोडा हिशेब आधीच त्यांच्या बाजूला झुकतो. आमची तीच पेटी आठ किलोच्या हिशेबाने १९ किलोची होते. शिवाय किमान आकारणीचे वजन आणि बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, खर्च असतोच. जड आणि आटोपशीर मालाला, उदाहरणार्थ पितळी समयांना, हा मार्ग उत्तम आहे. कंदिलांना, उशांना आणि टोपल्यांना नाही.

यातील सर्वांत बारीक फट मला दुसऱ्या वर्षी सापडली. ३० × २५ × २० ची पेटी कागदावर बरोबर तीन किलोची होते. पण आत माल दाबून भरला की झाकण फुगते आणि मधोमध उंची २२ भरते. मोठ्या हबवर, म्हणजे गावोगावचा माल गोळा करून वाटतात त्या केंद्रावर, पेटी पट्ट्यावरून जाताना यंत्र तिचे सर्वांत बाहेरचे बिंदू मोजते. गुणाकार १६,५०० होतो, वजन ३.३ येते आणि साडेतीन किलोचे पैसे लागतात. दोन सेंटिमीटरचा फुगवटा रोज पन्नास पार्सलांवर पडला तर आमच्या दराने दिवसाला २,००० रुपये जातात. म्हणून पेटी नेहमी टप्प्याच्या थोडी आत बसेल अशी घ्यावी. मी रविवार पेठेतील बोहरी आळीत जाऊन १८ सेंटिमीटर उंचीची पेटी बनवून देणारा माणूस शोधला. त्याला ते दोन सेंटिमीटर कशासाठी कमी करायचे हे समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण तीच पेटी आम्ही आजही वापरतो. चिकटपट्टी लावून झाल्यावरच मोजावे, आधी नव्हे. मोजण्याचा टेप पेटीला लावलेला आहे, आकडा स्पष्ट दिसतो आहे आणि शेजारी लेबल आहे, असे तीन बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. वजनाच्या फरकावर हरकत घेण्याची मुदत आमच्या करारात सात दिवसांची होती. ती उलटली की कोणी ऐकत नाही, मग तुमचे कितीही बरोबर असो.

कंदिलाचा प्रश्न मात्र टेपने सुटला नाही. तो कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी सोडवला. त्यांनी सांगाडा घडीचा केला, कंदिलाच्या कागदी करंज्या वेगळ्या ठेवल्या, दोऱ्याला गाठी आधीच मारून दिल्या आणि सगळे ४२ × ३० × ५ च्या सपाट पेटीत बसवले. आकारमानाचे वजन १.२६ किलो, आकारणी दीड किलोची, खर्च पुन्हा १२० रुपये. कंदील ग्राहकाने घरी जोडायचा. माझे ठाम मत असे आहे की वाहतुकीचा खर्च घासाघीस करून कमी होतो त्याहून अधिक वस्तूची घडी बदलून कमी होतो, आणि डिस्पॅचच्या माणसाने माल बनवणाऱ्यांच्या शेजारी बसायला हवे.

आता मार्गांविषयी. वाईच्या एका ग्राहक बाईंनी मला फोन करून विचारले होते, "अहो, वाई तुमच्यापासून दोन तासांवर, आणि माझं पार्सल भिवंडीला काय करतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली आणि चौकशी करते म्हणाले. खरे उत्तर असे आहे की पार्सल एकटे प्रवास करत नाही. वीस शहरे एकमेकांना थेट जोडायची तर १९० मार्ग चालवावे लागतात आणि त्यांतील बहुतेक गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतील. सगळा माल रात्री एका ठिकाणी आणून वाटला तर वीस मार्ग पुरतात. अमेरिकेत फ्रेडरिक स्मिथ यांच्या फेडेक्सने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेम्फिसला केंद्र धरून याच पद्धतीने काम सुरू केले. त्या रात्री १४ विमानांनी २५ शहरांसाठी १८६ पार्सले नेली. शेजारच्या शहराचे पार्सलही मेम्फिसला जाऊन येत असे, आणि तरीही ते सकाळी पोचत असे. आपल्याकडे मुंबई, गुजरात, नाशिक आणि पुणे यांचे रस्ते जवळ येतात त्या भिवंडीच्या पट्ट्यात गोदामे आणि हब वाढले त्यामागेही हेच गणित आहे. नऱ्ह्याहून वाईला रोज दोन पार्सले असतील, तर त्या दोघांसाठी खंबाटकी घाट ओलांडणारी गाडी कोणीही काढणार नाही.

दराचे झोन पिनकोडवर ठरतात आणि पिनकोड जिल्ह्यांच्या सीमा जुमानत नाही, हे न समजल्यामुळे नवी माणसे नकाशा पाहून दर सांगतात. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी संस्कृत पंडिताने आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, तेव्हा ती टपालाच्या वर्गीकरणासाठी होती. तिसरा आकडा वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतो, महसुली जिल्हा नव्हे. म्हणून पुणे शहर ४११ मध्ये आहे, पण पुणे जिल्ह्यातील बारामती आणि दौंड सोलापूरप्रमाणे ४१३ मध्ये आहेत, तर लोणावळा, चाकण आणि जुन्नर पनवेलसारखे ४१० मध्ये. सातारा ४१५ मध्ये असताना वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर मात्र सासवड आणि भोरबरोबर ४१२ मध्ये आहेत. कुरिअर कंपन्या यावर आपापल्या शाखांची जोडणी करतात. वाई साताऱ्याच्या शाखेला जोडली आहे की पुण्याच्या, हे प्रत्येक कंपनीत वेगळे असू शकते. ते विचारून वहीत लिहून ठेवावे. माझ्या वहीत आज अशी सुमारे दोनशे गावे आहेत आणि ती वही मी कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त मानते.

दर फक्त अंतरावर नाही, तर परतीच्या मालावरही अवलंबून असतो. ज्या गावाहून ट्रकला भरून यायला माल मिळतो तिथे जायचे भाडे कमी असते. जिथून रिकामे यावे लागते तिथे परतीचे डिझेलही तुमच्याच बिलात धरलेले असते. दुर्गम पिनकोडसाठी वेगळा अधिभार असतो. सीओडीचे पार्सल ग्राहकाने नाकारले तर परतीचे भाडेही पाठवणाऱ्याने भरायचे, त्यामुळे पार्सल निघण्याआधी एक फोन करून खात्री करावी. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागते, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. इतके माहीत असले की सुरुवातीला पुरते.

पहिल्या महिन्यात एक रात्र हबवर काढावी, असे मी प्रत्येक नव्या व्यक्तीला सांगते. परवानगी मागितली तर बहुधा मिळते. मी गेले तेव्हा रात्री पावणेदोन वाजता कोल्हापूरच्या गोणीचे तोंड बांधून तिला सील लावले गेले. तीन मिनिटांनी पट्ट्यावरून कोल्हापूरच्या आणखी सहा पेट्या आल्या, आणि तिथल्या मुलाने त्या उचलून भिंतीशी रचल्या. त्या दुसऱ्या दिवशी रात्री जाणार होत्या. आमच्या पिकअपची वेळ सव्वासहाची असताना मी रोज "दहा मिनिटं थांबा" म्हणत असे, त्या दहा मिनिटांची किंमत मला त्या भिंतीशी दिसली. ग्राहकाला दोन दिवसांत पोचेल असे सांगण्यापूर्वी माल कोणत्या गाडीला मिळणार आहे हे माहीत हवे. पुण्यात तर वर्षाचे दिवसही लक्षात ठेवावे लागतात. पालख्या असताना दिवे घाटातून सासवडकडे माल जात नाही, विसर्जनाच्या दिवशी पेठांतून पिकअप होत नाही, आणि गणपतीआधी कोकणात पाठवायचे पार्सल महामार्गावर अवजड वाहनांना बंदी लागू होण्याच्या बरेच आधी निघायला हवे.

दोन गोष्टींपासून कटाक्षाने दूर राहावे. लेबलवर वजन आणि मापे कमी लिहा, कोणी तपासत नाही, असे सांगणारा अनुभवी सहकारी प्रत्येक ठिकाणी भेटतो. हबवर यंत्र आहे, आणि पुन्हा पुन्हा फरक सापडला की खरी हरकतही मान्य होईनाशी होते. दुसरे म्हणजे, ज्यांनी कधी पेटीला टेप लावलेला नाही त्यांच्याकडून महागडे लॉजिस्टिक्सचे अभ्यासक्रम घेऊ नयेत. पिकअपचा टेम्पोचालक आणि ट्रान्सपोर्टच्या गाळ्यातला जुना मुनीम ही खरी गुरुमंडळी आहेत. त्यांना चहा द्यावा, घाई करू नये आणि विचारावे. आणि पहिले मोठे बिल अंगावर आले तर खचून जाऊ नये. माझ्या मालकांनी त्या ४२,३२० रुपयांतील एक पैसाही पगारातून कापला नाही, फक्त "आता पुढच्या महिन्यापासून मापं तूच घे," एवढेच म्हणाले. सगळे मालक असे नसतात हे मला ठाऊक आहे, म्हणून नोकरी धरतानाच वाहतुकीतील तुटीची जबाबदारी कोणाची, हे विचारून घ्यावे. चूक कबूल करून हिशेबाचा कागद समोर ठेवणाऱ्या मुलीला सहसा कोणी काढून टाकत नाही.

माझ्या वहीत भोरच्या नावापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. इथून पन्नास किलोमीटरच्या आतले हे गाव आमच्या दरपत्रकात नागपूरच्याच रकान्यात येते आणि पार्सलाला तीन दिवस लागतात. घाईचे असेल तर मी स्वारगेटला जाऊन ते एसटीच्या पार्सल खिडकीवर देते आणि ग्राहकाला स्टँडवरून घ्यायला सांगते. ज्यांना स्टँडवर जाणे जमत नाही त्यांना तीन दिवस लागतील असे ऑर्डर घेतानाच कळवते.