वापराने माती किती बदलली, हे आपल्याच शिवारात कसं तपासायचं

खान्देशात 'आमचं वावरच हलकं' हे रोज ऐकायला मिळतं, पण ते मुळातच हलकं की वापरून वापरून तसं झालंय हे बघायला कुदळ, घमेलं, पाइपचा तुकडा आणि मोबाइल एवढं बस झालं.

आधी जागा नीट निवडा, अर्धं काम इथेच आहे. टेकडीवरचा मुरूम आणि नाल्याकाठची काळी शेजारी ठेवून 'कापसाने जमीन खाल्ली' म्हणू नका, बारीक माती वाहून खाली साचते, तो फरक उताराचा, पिकाचा नाही. एकाच उंचीवरच्या, सारख्याच मातीच्या जागा घ्या: दरवर्षी नांगरलेलं कापसाचं वावर, चराईचं गायरान, आणि नांगर न लागलेली जागा. साक्रीकडच्या बारीपाड्यासारखं गावाने राखलेलं जंगल जवळ असेल तर उत्तमच, नाहीतर जुन्या बांधावरचा गवताचा पट्टा पण चालतो.

मग पाणी मुरायची टेस्ट. 15 सेंमी व्यासाचा पाइप चार बोटं जमिनीत ठोका, आत 450 मिली पाणी ओता, म्हणजे साधारण एक इंच पाऊस झाला, आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघा, लगेच परत तेवढंच ओता, धरायचा तो दुसरा आकडा. आणि भाऊ, हे मे महिन्यात करूच नका, काळीला एवढ्या भेगा असतात की पाणी सरळ पाताळात जातं आणि आपल्याला वाटतं वा, काय जमीन आहे! पावसाळा संपता संपता, ओल असताना करा. गायरानात बऱ्याचदा घोळ दिसतो, नांगर नसला तरी ढोरांच्या खुरांनी वरचा थर दाबलेला, पाणी तसंच उभं.

नंतर प्रत्येक जागेचं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा, हलवू नका. गवताखालचं बराच वेळ टिकतं, नांगरटीतलं लवकर ढासळतं, कारण कणांना धरून ठेवणारा सेंद्रिय भाग नांगरटीने हवा लागून कमी झालेला असतो. पाणी ताकासारखं होऊन तसंच राहिलं तर चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली, पाणी न मुरणारी जमीन) व्हायला लागल्याचा संशय घ्या, खारट बोअरवरच्या केळीत तर खास बघा.

शेवटी लॅब. दर जागेत 8-10 ठिकाणी व्ही आकाराचे 20 सेंमी खोल खड्डे, कडेची माती खरवडून एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा, पिशव्या वेगवेगळ्या. उकिरड्याजवळची नको. रिपोर्टमध्ये पहिल्यांदा सेंद्रिय कर्ब, म्हणजे त्याच सेंद्रिय भागातला कार्बन, बघा, 0.5 टक्क्यांखाली म्हणजे कमी. नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे मागच्या खताच्या डोसने पण हलतात, त्यांच्यावरून वापराचा हिशोब लावू नका.