गॅससाठी प्लँट बांधा, पण नजर स्लरीवर ठेवा

ओळखीच्या दोन-तीन घरी गोबरगॅस बंद पडलेला बघितला, ड्रम गंजून एका बाजूला कलंडलेला आणि शेण परत उकिरड्यावर, फार वाईट वाटलं म्हणून हे नीट लिहितेय. आमचं घर इंदूरला लोकमान्य नगरात आणि शेत हातोदच्या बाजूला, तिथे चार गायी नि एक म्हैस. प्लँटला सहा वर्षं झाली, मध्ये एकदाच बंद ठेवावा लागला, तेही सांगते.

सगळ्यात आधी शेण मोजा, काट्यावर मोजा, अंदाजाने नको. मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं पण चरायला सोडत असाल तर त्यातलं बरंच रानात पडतं, ते धरू नका. एक किलो ताज्या शेणाचा जवळपास ४० लिटर गॅस होतो, म्हणजे २ घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलो शेण हवं आणि त्यात सात-आठ माणसांचा स्वयंपाक निघतो. लोकं पुढे जनावरं वाढवू म्हणून दुप्पट मोठा बांधतात, मग टाकी कायम अर्धपोटी आणि गॅसला जोर नाही, शेवटी कंटाळून सिलिंडर आणतात. आहे तेवढ्या शेणाचाच बांधा.

लोखंडी ड्रमवाला घ्या नाहीतर १९८४ साली आलेला दीनबंधू, ज्याला विटांचा पक्का घुमट असतो, दोन्ही चालतात. ड्रमवाल्यात गॅस भरला की ड्रम वर उचलतो, त्यामुळे किती शिल्लक आहे ते डोळ्यांना दिसतं पण ड्रम रंगवत राहावा लागतो, दीनबंधूत गंजायला काही नाही पण गवंडी त्यातला जाणकारच हवा. जागा गोठ्याजवळ, दिवसभर ऊन येणारी, आणि विहिरीपासून निदान १५ मीटर लांब.

आता आपल्या माळव्याची खास गोष्ट, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ओढाताणीत टाकीची भिंत तडकते. आमच्या गवंड्याने खणलेली मातीच परत भिंतीच्या मागे भरली, दुसऱ्या पावसाळ्यात तडा गेला आणि स्लरी, म्हणजे टाकीतलं आंबलेलं पातळ शेण, झिरपायला लागली. सगळं उपसून, भिंत दुरुस्त करून, बाहेरून चारी बाजूंनी मुरूम दाबून भरला तेव्हा कुठे थांबलं, त्यातच दोन महिने गेले. म्हणून मुरूम पहिल्याच दिवशी मागवा. आणि टाकी उपसायची वेळ आलीच तर हात जोडून सांगते, कोणालाही लगेच आत उतरू देऊ नका. आतल्या गॅसने माणूस ओरडायच्या आत पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. हे काम ज्यांच्याकडे त्याचं सामान आणि अनुभव आहे त्यांच्याकडूनच करून घ्या.

सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. शेण आणि पाणी सारख्या मापाने घेऊन हाताने गुठळ्या फोडायच्या, पातळ शेणकाला झाला की टाकीत. पहिल्यांदा भरायला दीड-दोन टन शेण लागतं, शेजारपाजारहून गोळा करा, आणि कोणाचा चालू प्लँट असेल तर त्याची दहा-वीस बादल्या स्लरी मागून आणा, विरजण लावल्यासारखं काम होतं. खरं तर विरजण शेणातच असतं, गायीच्या पोटात हवेशिवाय जगणारे जे जिवाणू मिथेन बनवतात तेच टाकीत काम करतात, त्यामुळे टाकीला दुसरं पोट समजा म्हणजे बाकी सगळं आपोआप कळतं. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत गॅस धरतो. पहिला भरलेला गॅस मात्र पेटवायचा नाही, मोकळा सोडून द्यायचा, त्यात हवा मिसळलेली असते आणि भडका उडू शकतो.

मग रोज ठरल्या वेळी तेवढंच खायला द्यायचं. एक दिवस शंभर किलो आणि दोन दिवस काही नाही असं केलं की पोट बिघडतं. फिनाईलचं किंवा साबणाचं पाणी नाही, अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असलेल्या जनावराचं शेण नाही. काडीकचरा पण नको, तो वर तरंगून जाड साय धरतो आणि गॅस खालीच अडतो. आंबूस वास यायला लागला, गॅस कमी झाला किंवा पेटेना, तर चार-पाच दिवस काही घालू नका, नुसतं ढवळा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच रुळावर येतं. जाळ भकभक करत असेल तर पाइपात पाणी साठलंय, सगळ्यात खालच्या जागी एक तोटी बसवून ते अधूनमधून काढायचं. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडी पेटवून कधीच नाही.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या रात्री १० अंशांच्या खाली जातात तेव्हा गॅस खूप कमी होतो, जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास आवडतं ना. आम्ही शेणकाला दुपारी कोमट पाण्यात करतो आणि टाकीभोवती भुश्श्याची गोणपाटं लावतो, पूर्ण नाही पण निदान सकाळचा चहा आणि पोळ्या निभतात.

आता स्लरी, आणि माझ्या मते खरी कमाई इथेच आहे. गॅसमध्ये निघून जातो तो मुख्यतः कार्बन, नायट्रोजन जवळजवळ सगळा स्लरीत राहतो, आणि त्यातला बराचसा पिकाला पटकन लागणाऱ्या रूपात. वास कमी, माश्या कमी, तणाचं बीही बरंच मरतं. पण लोकं ती उन्हात वाळवतात आणि अमोनिया उडून जातो, हे बघवत नाही मला. ओलीच वापरा, गव्हाला पाटाच्या पाण्याबरोबर सोडा, भाजीला तेवढंच पाणी मिसळून मुळाशी द्या.

रोज शंभर लिटरच्या आसपास निघते, सगळी काही लगेच वापरली जात नाही. तिथे आपल्या इंदूरचीच पद्धत कामाला येते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर त्यांनी इथल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचं कंपोस्ट बसवलं, जगात ते इंदूर पद्धत म्हणून ओळखलं जातं. आमच्याकडे पऱ्हाट्यांच्या जागी सोयाबीनचा भुस्सा. सावलीत दोन-अडीच फूट खोल खड्डा, वीतभर भुस्सा, त्यावर स्लरी, थोडी माती आणि राख, मग परत भुस्सा, आणि पायाने दाबायचं नाही कारण ह्याला हवा लागते, टाकीच्या अगदी उलट. मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण पाणी ठिबकू नये. तीन-चार दिवसांत आत हात ठेववत नाही इतकं तापतं, ते बरोबर आहे. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, मग पाचव्या आणि नवव्या आठवड्यात खालवर करायचं, दर वेळी कोरडं वाटलं तर स्लरीच शिंपडायची. आम्ही होळी झाली की खड्डा भरायला घेतो आणि मृगाच्या आधी काळंभोर, मातीचा वास येणारं खत ट्रॉलीत भरून सोयाबीनच्या वावरात नेतो.